शेवटच्या चार ओळी

गंगू : शटर ओढा खाली. अर्धं. आनि दोनी हात टेबलावर ठेवा.

दिनानाथ : गंगूबाई, तो कोयता आधी टोपलीत ठेवा बरं. भर दुपारी, दुकानात, असं...

गंगू : टोपलीत कोलंबी हाय. कोयता माज्या हातातच बरा. हात, सायेब. मना दिसू देत.

दिनानाथ : हे घ्या, ठेवले. आता तरी सांगाल काय झालं ते? रुतिका बरी आहे ना?

गंगू : यो कागद कोनाचा?

दिनानाथ : बघू. हां, हा आपलाच. फॉन्ट आपला, मार्जिन आपलं. फेब्रुवारीत तुम्ही मायलेकी आला होतात, जावईबापूंनी हात मोडला म्हणून पोलिसांत द्यायला. बघा, किती सुबक बसलाय. एका पानात.

गंगू : वाचा.

दिनानाथ : आता? बरं. "टू, द सीनियर इन्स्पेक्टर. रिस्पेक्टेड सर." म्हणजे माननीय महोदय. "माय हजबंड विपुल बीट मी अँड ब्रोक माय हँड." नवऱ्यानं मारलं, हात मोडला. सगळं तुम्ही सांगितलंत तसंच आहे की.

गंगू : खालचं वाचा. शेवटच्या चार ओली.

दिनानाथ : "आय हॅव नो ग्रिव्हन्स व्हॉटसोएव्हर अगेन्स्ट एनी पर्सन नेम्ड हिअरइन, अँड द मॅटर इज अमिकेबली सेटल्ड बिटवीन द पार्टीज. धिस स्टेटमेंट इज मेड बोनाफाईड, सुओ मोटो अँड विदाऊट कोअर्शन." झालं. खाली तिची सही.

गंगू : मराठीत सांगा.

दिनानाथ : ते लीगल असतं, बाई. त्याचं मराठी करत नाहीत. लॅटिनमधून आलेले शब्द आहेत ते.

गंगू : मना लाटीन नको. तुमी लिवलंय, तर तुमाला ठाव असंल. एकेक शब्द सांगा. पयला?

दिनानाथ : पहिला... हे बघा, बोनाफाईड तर तुम्हालाही माहीत आहे. शाळेतून काढतो ना आपण, बोनाफाईड? म्हणजे ही मुलगी इथलीच आहे, खरी आहे. आणि सुओ मोटो म्हणजे आपलं... सविनय. सविनय सादर.

गंगू : आनि ते पयलं, नो ग्रिवन?

दिनानाथ : ग्रिव्हन्स. व्हॉटसोएव्हर. ते... जोर द्यायला असतं. वजन येतं त्यानं.

गंगू : हास्पिटलातल्या डाक्टरीनबाईनं वाचलं काल. पोरीच्या कागदांत सापडलं तिला. वाचलं आनि पेन खाली ठेवला. मना बोलली, मावशी, वरती लिवलंय नवऱ्यानं हात मोडला, आनि खाली लिवलंय, माजी कोनाविरुद्ध कायपन तक्रार नाय. आमचं गोडीगुलाबीत मिटलंय. आनि हे मी माज्या मर्जीनं सांगते, कोनी जबरदस्ती केली नाय. हे तुमच्या मुलीनं कनाला लिवलं, मावशी?

दिनानाथ : नाही हो. तसं कसं असेल?

गंगू : मी बोलली, तिनं नाय लिवलं. लिवनारा नावड्यात बसतो, पंख्याखाली.

दिनानाथ : थांबा, तुमच्या डॉक्टरबाईंचं काहीतरी चुकतंय. कारण मी हे सगळ्यांनाच लावतो. रजेच्या अर्जाला लावतो. गॅसच्या कनेक्शनला लावतो. वरच्या मजल्याचं पाणी गळतंय, त्या तक्रारीलाही लावलंय. कुणी काही बोललं नाही आजवर.

गंगू : सगल्यांना?

दिनानाथ : अठ्ठावीस वर्षं. बेलापूरच्या एका वकिलांनी एका सोसायटीचं भांडण मिटवलं होतं, त्यांचा कागद माझ्याकडे टाईपिंगला आला होता. त्याच्या शेवटी ह्या ओळी होत्या. काय वाक्यं होती! बोटांखालून अशी सरसर गेली. म्हटलं, ह्या ठेवून देऊ. मग अर्ज कुणाचाही असो, शेवटी त्या चिकटवायच्या. आपण नाही का पत्राच्या शेवटी लोभ असावा लिहीत? लोभ आहे की नाही कोण बघतं? लिहायचं असतं म्हणून लिहितो.

गंगू : हवालदार बघतो.

दिनानाथ : काय?

गंगू : हवालदारानं तेवढंच बघितलं. येवढं इंग्लिश वाचायला त्याला कुटला टाईम? खालून वाचलं आनि शिक्का मारला, आपसात समजोता. पोरीला बोलला, मिटलंय तर हितं कनाला आलीस, घरी जा, स्वयपाक कर. आनि आमी येड्या. मीच तिला बोललेली, मराठी अर्जावर पोलीस चायचा कप ठेवतात, विंग्रजीत करून घेऊ. दिनानाथ सायेब भारी लिवतात.

दिनानाथ : बाई, पाणी घेता का?

गंगू : पानी नको. ऐका. तुमचा कागद त्या विपुलला भेटला, पोलीस ठान्यातूनच. पोरीनं पाटीवर लिवून सांगितलं, त्यानं तो फ्रिजवर लावला, करंजाड्याच्या त्या नव्या फ्ल्याटात. पोरीला मारायच्या आधी तिच्याकडून वाचून घ्यायचा. त्याच चार ओली. बोल, नो ग्रिवन. अडखलली की कुकरच्या झाकनानं तोंडावर. परत पयल्यापासून. मार्च, एप्रिल, मे. शेजारच्यांना वाटायचं, पोरगी विंग्रजीचा अभ्यास करते.

दिनानाथ : देवा.

गंगू : परवा ती एकदाबी अडखलली नाय. घडाघडा बोलली सगलं. तरी मारली. केस धरून वट्ट्यावर आपटली, जबडा मोडला, तीन बरगड्या मोडल्या, आनि जिन्यात टाकून आफिसला गेला, म्हाप्याला. लिफ्टमन बोलला म्हनून कललं.

दिनानाथ : अटक नाही केली त्याला?

गंगू : वकील लावलाय ना. कोर्टानं सांगितलंय, उद्यापर्यंत पकडू नका. उद्या अकराला सुनावनी. आनि वकील तिथं कागद काय दाखवनार? ह्योच. पोरीनं स्वताच लिवलंय, आमचं मिटलेलं हाय, ती जिन्यावरून पडली. उद्या तो सुटला ना सायेब, तर हास्पिटलातून तिला घरी घेऊन जाईल. कायद्याचा नवरा. मंग मी तुमच्या दुकानात येनार नाय, थेट मसनात जाईन तिला घेऊन.

दिनानाथ : मला... मला काय करायला सांगता?

गंगू : मी कापायला आलेली तुमाला. खरंच सांगते. बाजारातून उठली तवा हेच मनात व्हतं, ह्या मानसाची बोटं कापायची, परत कोनाच्या कागदावर पडायला नको. आनि तुमी हितं बसून मना बोनाफाईड शिकवताय!

दिनानाथ : कापा.

गंगू : सोंगं नकोत.

दिनानाथ : सोंग नाही, बाई. तिनं विचारलं होतं मला. तुम्ही तेव्हा बाहेर पिशवी बांधत होतात. ती म्हणाली, काका, शेवटी काय लिहिलंय? आणि मी म्हटलं, ते लीगल असतं बाळा, तू सही कर.

गंगू : ...तिनं विचारलेलं?

दिनानाथ : बारावी झालेली पोर. तिला शंका आली होती. मला अठ्ठावीस वर्षांत आली नाही.

गंगू : हलू नका. गाडी थांबली भायेर. त्याची हाय ती, सायलेन्सर वलखते मी.

दिनानाथ : विपुल? इथं? गंगूबाई, मागे व्हा. लॅमिनेशनच्या पडद्यामागे जा.

गंगू : मी कनाला लपू? येऊ दे. बरा सापडला.

दिनानाथ : तुमच्या पाया पडतो. काय मागायला आलाय ते कळू द्या. टोपली घ्या आत. चला, चला!

विपुल : काका! शटर अर्धं? लंच टाईम की काय? मच्छीचा वास केवढा मारतोय राव.

दिनानाथ : बाजार शेजारीच आहे. बोला.

विपुल : ओळखलं ना? विपुल. रुतिकाचा मिस्टर. तुमचा फॅन आहे मी, काका. काय ड्राफ्टिंग आहे! माझा वकील हसून हसून मेला. बोनाफाईडच्या शेवटी आय-ई-डी? आणि सुओ मोटो नसतं काका, सुओ मोटू. टी-यू. मी रोज अमेरिकेच्या क्लायंटला मेल टाकतो, असलं टाकलं तर मला हाकलून देतील.

दिनानाथ : स्पेलिंग चुकलं असेल.

विपुल : अरे चुकू दे, टेन्शन नाय. स्पेलिंग चुकलं तरी सही बरोबर आहे ना? लकी आहे तुमचं इंग्लिश. आता सिंपल काम आहे. हे स्टॅम्प पेपरवर बनवून आणलंय. खाली सही मारा, फोटो लावा, वकील नोटरी करून घेईल.

दिनानाथ : ह्यात काय आहे?

विपुल : वाचा ना. येतं ना वाचता?

दिनानाथ : तुम्ही सांगा.

विपुल : हेच, की मी दिनानाथ, रुतिकाने सांगितलं तसं टाईप केलं, मग तिला मराठीत सगळं समजावून सांगितलं, आणि तिने समजून, शुद्धीत, हसतखेळत सही केली. बास. दोन मिनिटांचं काम.

दिनानाथ : मी तिला समजावलं नव्हतं.

विपुल : कोणाला माहितीये? ती बोलू शकत नाही. जबड्यात तारा आहेत.

दिनानाथ : मला माहितीये.

विपुल : काका. नीट ऐका. सही नाही केली तर उद्या वकील तुम्हालाच ओढणार. काय सांगणार तिकडे? मी जे टाईप केलं ते मला कळत नव्हतं? अख्खं नावडे तुमच्याकडे इंग्लिश लिहून घेतं. तुमची पाटी बघितली मी, इंग्रजी अर्ज तज्ज्ञ. उद्यापासून कुत्रं विचारणार नाही तुम्हाला. तुमच्या मिसेस पण सांगतात म्हणे सगळ्यांना, आमच्या ह्यांचं इंग्लिश फार चांगलं.

दिनानाथ : नमिताचं नाव घेऊ नका.

विपुल : मग सही करा.

दिनानाथ : नाही करणार.

विपुल : कुठल्या हाताने लिहिता, काका? उजव्या? मग डावा द्या इकडे. द्या. ड्रॉवर लोखंडी आहे वाटतं? जुना माल, मजबूत.

दिनानाथ : हात सोडा! विपुल, अहो, सोडा, मी तुमच्या बापाच्या वयाचा... आ! आई गं!

विपुल : ओरडू नका. एक झालं. बोटं आत ठेवा, मी परत लावतोय. सही?

दिनानाथ : नाही... आई! आई! तुटली, बोटं तुटली रे!

विपुल : उजवा चांगला ठेवलाय, बघा. पेन धरा. मी बायकोला तीन महिने शिकवलं, तुम्हाला तीन मिनिटं बास होतील. बोला माझ्याबरोबर, नो ग्रिव्हन्स...

गंगू : व्हॉटसोएव्हर.

विपुल : मामी? तुम्ही... ए मामी, ते खाली ठेवा. ठेवा ते. बसून बोलू आपण.

गंगू : मना पन पाठ झालंय रे. पोरगी झोपेत बोलते हास्पिटलात, तारा लावलेल्या तोंडानं. सगलं बोलते. तू कसा शिकवलास, मना पन शिकव. डोका कसा आपटायचा वट्ट्यावर? असा धरायचा?

विपुल : केस सोडा! मामी, आई शप्पथ, मी पोलिसात... आई गं! हात! माझा हात!

गंगू : पाठ होती कोयत्याची. ओरडू नको. बांगडा पन येवढा ओरडत नाय. आता धार.

दिनानाथ : गंगूबाई, नको! धार फिरवू नका!

गंगू : बाजूला व्हा, सायेब. तुमची बोटं लोंबतात, ती बघा.

दिनानाथ : तुम्ही कापलंत तर तो वाचला! ऐका माझं. उद्या कोर्ट त्याचं रक्त बघेल, रुतिकाचं कोण बघेल? तुम्ही आत जाल आणि ती त्याच्या घरी जाईल. तुमच्या हातानंच मिटेल सगळं. बाई, मान सोडा त्याची. सोडा! मी आहे. मी बोलतो उद्या.

गंगू : तुमी बोलशाल? तुमाला बोलता येतं का?

दिनानाथ : तुमच्या पोरीची शपथ.

गंगू : तिची शपथ घ्यायचा हक्क नाय तुमाला.

दिनानाथ : मग माझ्या ह्या हाताची.

गंगू : ...ऊठ रे. ऊठ, निंग हितून. तुजा स्टाम्प पेपर राहू दे हितंच. परत हास्पिटलाच्या दारात दिसलास तर म्हातारा मदी नसंल. निंग!

(विपुल मोडकं मनगट छातीशी धरून शटरखालून रांगत निघाला आणि गाडी तिथेच टाकून पळाला. दिनानाथला वाटलं होतं, आपण आता भोकाड पसरणार, जमलेल्या बाजारासमोर अब्रू जाणार. पण त्याने उजव्या हाताने तो स्टॅम्प पेपर उचलून खिशात घातला. गंगूने टोपलीतली कोलंबी दुकानातल्या बादलीत ओतली, खालचा बर्फ फडक्यात बांधला, त्यात त्याच्या डाव्या हाताची मोडकी बोटं कोंबली आणि त्याला धरून फाट्यावर आणलं. रिक्षा हॉस्पिटलच्या दिशेने निघाली तेव्हा कुठे त्याला दुखायला लागलं, आणि मग भलतंच दुखायला लागलं.)

गंगू : बोटं वर काढू नका. वास येतो, माहिताय. येऊ दे.

दिनानाथ : वासाचं नाही हो. करंगळी लागत नाही हाताला.

गंगू : हाय ती. लोंबते, पन हाय. डाक्टर शिवतील.

दिनानाथ : चाळीस शब्द मिनिटाला काढायचो मी. इन्स्टिट्यूटमध्ये पहिला आलो होतो. राजापूरहून आलो तेव्हा मॅट्रिकला दोनदा नापास झालेलो, दोन्ही वेळा एकाच विषयात. पण टाईपिंगला कुणी अर्थ विचारत नाही. समोर जे असेल ते बोटं काढतात. मास्तर म्हणायचे, शिगवण, वाचू नकोस, वाचलंस की चुकशील. मी नाहीच वाचलं.

गंगू : कोनाला सांगितलं नाय कधी?

दिनानाथ : कुणाला सांगणार? लग्न ठरलं ते बेलापूरला इंग्रजी टाईपिंग करतो ह्यावर. पुतण्यांचे बायोडेटा मी केले. सोसायटीत नोटीस आली की माझ्याकडे आणतात, मी चष्मा लावतो आणि म्हणतो, गंभीर आहे, वकिलाला दाखवा. असंच निभावलं. कुणाचं वाईट झालं नाही, असं वाटायचं.

गंगू : किती जनांच्या कागदावर लावलंत ते?

दिनानाथ : मोजलं नाही. बाई, आणखीही असतील. मारलेल्या, फसवलेल्या, कामावरून काढलेल्या. सगळ्यांना मी लिहून दिलंय, माझी काही तक्रार नाही म्हणून.

गंगू : रडू नका. रडायला येल हाय पुडे. उद्याचं बघा. उद्या तुमाला उभं करतील. आमच्या वकीलबाईला मी फाट्यावरून फोन केला, ती बोलली, म्हातारा पलटी खानार. कोर्टात मानूस पांडरा पडतो.

दिनानाथ : नाही पडणार.

गंगू : बघू. मी जज. नाव सांगा.

दिनानाथ : आत्ता? रिक्षात?

गंगू : नाव.

दिनानाथ : दिनानाथ शिगवण.

गंगू : धंदा?

दिनानाथ : टाईपिंग.

गंगू : यो कागद तुमी लिवला?

दिनानाथ : हो. वरचं तिनं सांगितलेलं. खालच्या चार ओळी माझ्या. तिनं सांगितल्या नव्हत्या. तिनं विचारलं तेव्हा मी तिला अर्थ सांगितला नाही.

गंगू : कनाला नाय सांगितला?

दिनानाथ : ...रिक्षावाला ऐकतोय, बाई.

गंगू : ऐकू दे. उद्या भरलेलं कोर्ट ऐकंल. तुमची बायको ऐकंल. कनाला नाय सांगितला?

दिनानाथ : मला माहीत नव्हता.

गंगू : विंग्रजी येतं का तुमाला?

दिनानाथ : थोडंफार...

गंगू : मी जज हाय. थोडंफार नको.

दिनानाथ : नाही.

गंगू : मोठ्यानं.

दिनानाथ : नाही येत! मला इंग्रजी येत नाही, गंगूबाई. साठ वर्षांचा झालो, मला येत नाही. नुसतं टाईप करता येतं.

गंगू : हां. असंच बोला उद्या. असंच, ह्या आवाजात.

दिनानाथ : बोलेन.

गंगू : पन उद्या नंतर. आधी वर चला, बोटं शिवून झाली की. तिला सांगा. ती पाटीवर सारकी लिवते, माजीच चूक, आई, मी वाचून सही करायला पायजे व्हती. मी किती सांगितलं, मानत नाय. मना कुटं विंग्रजी येतं? तुमी सांगा.

दिनानाथ : तिच्यासमोर कसा उभा राहू?

गंगू : उभं राहू नका. बसा. खाटेच्या डाव्या अंगाला बसा. उजव्या कानानं आता तिला ऐकू येत नाय.